माझ्याच महाधमनीवर धाड

पोटातल्या महाधमनीला फुगा आलाय असं ज्यांना नुकतंच कळलंय, त्यांनी हे आधी वाचावं आणि इंटरनेट नंतर उघडावं. मी ते उलट क्रमानं केलं होतं. मी डॉक्टर नाही. पूर्ण बरा झालोय असंही छाती ठोकून सांगत नाही. पण या आजारात माणसाला मूर्खपणाचे जितके प्रकार करता येतात त्यातले बरेचसे मी जातीनं करून पाहिले आहेत. ते तुम्हाला पुन्हा करायची गरज पडू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

प्रोस्टेट उत्तम आहे

सुरुवात लघवीच्या तक्रारीनं झाली. साठी ओलांडलेला पुरुष वारंवार उठायला लागला की प्रोस्टेटच असणार, असं धरून नवीन पनवेलमधल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली. सेंटरमध्ये भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' असा भला मोठा बोर्ड. त्याखाली रांगेत गर्भार बायका, आणि मध्ये मी, बाटलीभर पाणी पिऊन टम्म झालेलं पोट सांभाळत. शेजारची मुलगी सरकली आणि मला जरा जास्त जागा दिली. वयाकडे पाहून दिली की पोटाकडे, ते मी विचारलं नाही.

आत सोनोग्राफीवाले डॉक्टर गप्पिष्ट होते. गाव कुठलं, मुलं किती, नोकरी कुठं केलीत. गार जेल लावून यंत्राचा दांडा ओटीपोटावरून फिरत होता. मग तो बेंबीच्या वर आला आणि गप्पा थांबल्या. तिथंच मला पहिला संशय आला. मी जन्मभर वजनमापं तपासण्याच्या सरकारी खात्यात निरीक्षक होतो. तपासणी चालू असताना बडबडणारा दुकानदार एकदम गप्प झाला की समजायचं, हात योग्य ठिकाणी पडला. इथं मात्र हात त्यांचा होता आणि दुकान माझं.

"काका, पोटात कधी धडधड जाणवते?"

"जेवायला उशीर झाला की."

ते हसले नाहीत. हृदयाकडून खाली येणारी मुख्य धमनी बेंबीच्या वर फुगली आहे, म्हणाले. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा येतो, तशी. सहा सेंटिमीटर. फुटली तर हॉस्पिटलात पोचायलाही वेळ मिळत नाही, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या सर्जनला लगेच दाखवा.

"आणि प्रोस्टेट?" मी विचारलं.

"प्रोस्टेट उत्तम आहे."

बाहेर येऊन चपला घालताना माझ्या मनात भीती नव्हती. मनात होतं ते असं: आपण साखर घ्यायला गेलो आणि यांनी काजू गळ्यात मारले.

फसवं गिऱ्हाईक

आमच्या धंद्याची एक रीत होती. दुकानावर थेट धाड घालायची नाही. आधी एक साधं गिऱ्हाईक पाठवायचं. त्यानं काही न बोलता किलोभर डाळ आणायची आणि मग आम्ही ती आमच्या काट्यावर तोलायची. दुकानदाराला आधी काही कळता कामा नये, हा पहिला नियम. निवृत्त झालो तरी हा नियम माझ्या हाडांत राहिलाय. भाजीवालीकडे अजून दोनदा तोलून घेतो. भाजीवाली मला 'सायेब' म्हणते, त्यात मान नसतो.

तर आता मी स्वतःच फसवं गिऱ्हाईक झालो. पहिला रिपोर्ट कपाटात कुलूपबंद केला आणि जुन्या पनवेलमधल्या दुसऱ्या सेंटरला गेलो. "पोट दुखतं," एवढंच सांगितलं. ते बघतात काय, सांगतात काय, पाहू. त्यांनी सांगितलं पाच पॉइंट सात.

मला केवढा आनंद झाला. तीन मिलिमीटरचा फरक. घरी येऊन मी सुलभाला दोन्ही आकडे सांगितले. सुलभा माझी बायको; शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे आकडे ऐकताना तिचा चेहरा कोरा राहतो.

"एकाच धमनीची दोन मापं," मी म्हणालो. "दोघांपैकी एक लबाड आहे."

"किंवा एक पेशंट," ती म्हणाली आणि कुकरकडे वळली.

तिसऱ्या सेंटरला मी कडक परीक्षा लावली. पोट रिकामं ठेवून या, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. मी जाताना मिसळ खाल्ली, वर जादा तर्री मागून घेतली, तीन पाव आणि एक सोडा. हा माणूस खरंच बघतो की नुसतं छापून देतो, ते यातून कळणार होतं. त्यांनी बराच वेळ दांडा दाबून दाबून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि रिपोर्ट दिला: आतड्यातल्या वायूमुळे महाधमनी दिसू शकली नाही.

मी त्यातलं 'दिसू शकली नाही' तेवढं वाचलं आणि येताना पेढे आणले.

सुलभानं पेढ्यांचा पुडा बघितला, रिपोर्ट वाचला, माझ्या जवळ येऊन वास घेतला. "काय खाऊन गेला होतात?"

"थोडंसं."

"थोडंसं काय?"

मी सांगितलं. ती खुर्चीवर बसली. "अहो, दुकानदारानं दिवे घालवून ठेवले आणि तुम्हाला काटाच दिसला नाही, तर काटा बरोबर आहे असा शेरा मारत होतात का?"

आमच्या मुलीला तिनं आधीच कामाला लावलं होतं. ती पुढं म्हणाली, "मुग्धानं हिंजवडीहून तिच्या डॉक्टर मैत्रिणीला विचारलंय. पुरुषांची साडेपाचच्या वर गेली की ऑपरेशनचा विचार करतात. तुमचे ते दोन्ही लबाड साडेपाचच्या वरच सांगतायत. त्यातल्या कमी लबाडाचं माप धरा आणि चला."

दुसरं मत घ्यावं, जरूर घ्यावं. पण आधीचे कागद दाखवून घ्यावं. रिकाम्या पोटी घ्यावं.

शिक्का ठीक होता

सर्जन म्हणजे डॉ. शर्वरी, चाळिशीच्या आसपासच्या. पहिल्या भेटीपासून आमच्या घरात त्यांचं नाव 'बाई' पडलं. महामार्गाजवळच्या हॉस्पिटलात त्या बसतात. मी दोन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले (मिसळीचा घरी ठेवला होता, सुलभानं तोही पर्समधून काढून ठेवला). बाईंनी ते न वाचता पालथे घातले.

"आधी माझं मोजते, मग त्यांचं वाचते. नाहीतर डोळ्यांना तोच आकडा दिसायला लागतो."

हे ऐकून मी खूश व्हायला हवं होतं. पण नियम फार काटेकोर पाळणारा दुकानदार हा माझ्या अनुभवात सर्वांत आधी तपासण्याचा दुकानदार. मी सावध झालो.

त्यांचं माप आलं पाच पॉइंट नऊ. मी सुलभाकडे विजयी नजरेनं पाहिलं. बाईंनी ते टिपलं असावं.

"काका, काकडी तिरकी कापली की चकती मोठी दिसते, बरोबर? दांडा किती तिरका धरला, धमनीची भिंत मापात धरली की सोडली, यानं दोन-तीन मिलिमीटर इकडे तिकडे होतात. तिघांत भांडण नाहीये."

"मशीनचं कॅलिब्रेशन कधी झालंय?" मी विचारलं.

सुलभा छताकडे बघायला लागली.

"या महिन्यातच. सर्टिफिकेट बाहेर लावलंय," बाई शांतपणे म्हणाल्या.

मी उठून बाहेर जाऊन पाहिलं. तारीख ठीक होती, शिक्का ठीक होता, सहीसुद्धा होती. मला जरा वाईट वाटलं.

परत येऊन बसलो तोवर त्यांनी माझे रक्ताचे रिपोर्ट वाचले होते. किडन्या थकलेल्या आहेत, म्हणाल्या. आणि इथं माझ्या आजाराला पाय फुटले. पोट न फाडता दोन्ही जांघांतून आत शिरायचं आणि फुगलेल्या धमनीच्या आत कापडी नळी बसवायची, असं हे ऑपरेशन. फुटक्या पाइपातून नवा पाइप सरकवतात तसं. नळी नेमक्या मापाची लागते. त्यासाठी एरवी रक्तात डाय (फोटोत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध) सोडून सीटी स्कॅन काढतात आणि ऑपरेशनमध्येही डाय सोडून फोटो घेत राहतात. हा डाय थकलेल्या किडन्यांना सोसत नाही. फुगा आटोक्यात आला आणि किडन्या गेल्या, तर उरलेला जन्म डायलिसिसवर.

"म्हणून तुमचा सीटी डायशिवाय काढू," बाई म्हणाल्या, "आणि ऑपरेशनमध्ये धमनीच्या आतूनच सोनोग्राफी करू. बारीक नळीच्या टोकाला छोटंसं यंत्र असतं. ते आतून भिंत दाखवतं, माप देतं. डाय अगदी शेवटी, चमचाभर."

मग त्यांनी विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत? दुखण्याच्या वगैरे? काढे?"

"बीपीची एक," मी म्हणालो.

ही थाप होती. गुडघ्यासाठी मी सकाळ-संध्याकाळ दुखण्याची गोळी घेत होतो, कित्येक महिने, दुकानातून परस्पर आणून. ती सांगितली नाही याचं कारण लाज नव्हे. माझ्या डोक्यात पक्कं होतं की फसवं गिऱ्हाईक सगळं बोलून बसलं तर परीक्षा कसली? एवढी मशीनं आहेत, शोधू देत.

परतताना रिक्षात मी सुलभाला म्हणालो, "सगळ्यांना डाय आणि मला सोनोग्राफी. गिऱ्हाईक अडाणी दिसलं की मागच्या फळीवरचा माल काढतात. सोनोग्राफी बायकांची असते. माझी धमनी काय बाळंत होणार आहे?"

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. सुलभानं पाहिलं नाही.

पोटावरचं वर्तमानपत्र

ऑपरेशनची तारीख मिळाली आणि घरात मी काचेचा झालो. पाण्याचा जार उचलायचा नाही. वाकून नाडी बांधायची नाही. संडासात जोर करायचा नाही, म्हणून रोज इसबगोल. शिंक आली तर सुलभा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहायची, माझ्या तोंडाकडे बघत. मी अंगठा वर करून दाखवला की परत जायची. मुग्धा सुट्टी काढून आली. तिनं येताक्षणी मला मिठी मारली आणि मध्येच थबकून हात सैल केले.

"बाबा, दुखलं नाही ना?"

"दुखत काहीच नाही गं."

आणि तीच तर गंमत होती. दुखत काहीच नव्हतं. दुपारी आडवा पडून वर्तमानपत्र पोटावर ठेवलं की ते हलायचं. ठोका पडला की उचललं जायचं, परत खाली. मी ते रोज बघायचो. बातमी कुठलीही असो, कागद एकाच तालात उडायचा. एक दिवस कागद नेहमीपेक्षा जास्त उडतोय असं वाटलं. मी तो बाजूला ठेवला, शर्ट खाली ओढला आणि पंख्याकडे बघत पडून राहिलो. कोणाला हाक मारली नाही. हाक मारली असती तर काय सांगणार, कागद उडाला?

त्या दिवसांत मी इंटरनेटवर सोनोग्राफी यंत्रांच्या कंपन्यांवरच्या तक्रारी शोधत बसायचो. फुगा फुटला तर काय होतं, हे मात्र एकदाच वाचलं. परत ते पान उघडलं नाही.

चष्म्याचं घर

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दाखल झालो. खोलीत दोन पलंग. दुसऱ्यावर करंज्याचे एक नाखवा, पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा असलेले. स्वतःची बोट, दोन मुलगे बोटीवर. माणूस इतका निर्धास्त की मला त्याचाही संशय आला. नर्स इंजेक्शन घेऊन आली की तो कसलं ते न विचारता हात पुढं करायचा.

मी त्याला माझी आतून होणारी सोनोग्राफी समजावून सांगितली.

"तसलं मशीन आमच्या बोटीवं पन हाय," तो म्हणाला. "पान्यान आवाज सोरतं, खाली मावरं कवरा हाय ता दावतं."

"मासळी बरोबर दाखवतं?"

"दावतं तं. कदी मावरं दावतं नि जाल्यान येतं पिलास्टिक."

मला हेच हवं होतं. मी सुलभाला लगेच सांगितलं, समुद्रावरचा अनुभवी माणूस काय म्हणतोय बघ. सुलभा म्हणाली, "मग ते मासेमारी सोडतात का?" नाखवा पडदा सरकवून म्हणाला, "नाय वयनी. परत जालं टाकतो."

सकाळी रक्त नेलं आणि थोड्या वेळानं बाई स्वतः आल्या. हातात रिपोर्ट. किडनीचा आकडा पूर्वीपेक्षा वर गेला होता.

"काका, काहीतरी किडनीला त्रास देतंय. पाणी कमी पडलं का? कुठलं औषध? नीट आठवून सांगा."

"नाही," मी म्हणालो. खरं सांगतो, तेव्हाही डोक्यात तेच होतं. बघू, सापडतंय का.

सुलभा उठली. माझ्या उशीशेजारचं चष्म्याचं घर तिनं उचललं, उघडलं, चष्म्याच्या खाली दुमडून ठेवलेली गोळ्यांची पट्टी काढली आणि बाईंच्या तळहातावर ठेवली. तिला हे कधी कळलं, मला माहीत नाही. बहुधा त्याच सकाळी, माझा चष्मा पुसताना.

बाईंनी पट्टीवरचं नाव वाचलं. हातातल्या रिपोर्टमधल्या किडनीच्या आकड्याभोवती पेननं गोल केला.

"आज ऑपरेशन नाही," मग म्हणाल्या. "ही बंद. सलाइन लावू. किडनीचा आकडा खाली आला की पुढं."

"आणि फुगा तोपर्यंत?" सुलभानं विचारलं.

"थांबेल, असं धरून चाललोय. शब्द देऊ शकत नाही."

त्या गेल्या. मी सुलभाला म्हणालो, "अगं, मी फक्त बघत होतो, त्यांना समजतंय का."

"नसतं समजलं म्हणजे?"

"म्हणजे... ते नापास."

"ते नापास झाले असते आणि विधवा मी झाले असते," ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नव्हता. मग पाण्याचा पेला भरून माझ्यासमोर ठेवला.

पुढचे काही दिवस ती माझ्याशी 'पाणी प्या' एवढंच बोलली. नाखवाची बायको डब्यातून सुकटीची चटणी आणायची, नि पडद्याआडून तिचा वास आणि त्यांच्या गप्पा यायच्या. माझ्या बाजूला सलाइनचे थेंब पडत राहायचे. एकदा नाखवा म्हणाला, "तुमी शेठ, आपलेच बोटीला भोक पारून बगताव का पानी येतंय का नाय." मी शेठ नाही, एवढंच मी त्याला सांगू शकलो.

सलाइनच्या त्या दिवसांत फुगा फुटला असता तर? हा प्रश्न मी स्वतःला विचारत नव्हतो. सुलभा खिडकीकडे तोंड करून बसायची आणि मला तिची पाठ दिसायची. त्या पाठीवरून कळायचं की ती तो विचारतेय.

किडनीचा आकडा हळूहळू उतरला. पूर्वीइतका नाही, पण बाईंना चालेल इतका.

तू वेगळं मोज

ऑपरेशनआधी जांघेतले केस काढायला एक ब्रदर आला. धिप्पाड, गंभीर. "काका, पंख्याकडे बघा," म्हणाला. मी पंख्याकडे बघितलं. वस्तरा असा काही झरझर फिरला की मी घाबरायला सुरुवात करेपर्यंत तो पुसत होता. या जगात माझी लाज इतक्या सभ्यपणे कोणी झाकली नव्हती.

मला पूर्ण भूल देणार नव्हते. जांघा बधिर केल्या, गुंगीचं औषध दिलं. गुंगी माझ्या बडबडीपुढं कमी पडली. एका बाजूला मशीनचा पडदा दिसत होता. त्यावर काळ्यात करड्या रंगाचं एक गोल, आतून ठोक्यागणिक हलणारं. ती माझी धमनी, आतून बघितलेली.

बाईंचा एक तरुण सहकारी डॉक्टर होता. बाईंनी पडद्यावर दोन खुणा लावल्या, काहीतरी पुटपुटल्या आणि खुणा पुसून टाकल्या.

"आता तू मोज. माझं बघितलं नाहीस ना?"

"नाही मॅडम."

"मग तू वेगळं मोज. मोठ्यानं बोल."

त्यानं मोजलं आणि आकडा सांगितला. बाईंनी आपला सांगितला. दोघांत एक मिलिमीटरचा फरक. बाईंनी ती मोजायची बारीक नळी थोडी मागे घेऊन परत मोजलं. मग म्हणाल्या, "सीटीवर आपण फुग्याचा गळा लहान धरला होता. आतून मोठा आहे. ठरवलेला नको, त्याच्या वरचा साइज दे."

इथं माझ्यातला निरीक्षक जागा झाला. ठरवलेला माल बदलतायत. गिऱ्हाईक आडवं पडलेलं, हातपाय बांधलेले, आणि फळीवरून दुसराच माल खाली येतोय.

"ठरवलेला का नको?" मी म्हणालो. जीभ जड होती, पण म्हणालो.

कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. "सैल बसला असता, काका. बाजूनं रक्त फुग्यात जात राहिलं असतं. म्हणून तर आतून मोजलं. आता बोलू नका, तुम्ही बोललात की पोट हलतं आणि माझं माप हलतं."

मी गप्प झालो. आणि तिथं, पंख्याशिवायच्या त्या छताकडे बघत, मला हळूहळू कळत गेलं की या बाई माझ्यापेक्षा संशयी आहेत. सीटीवर विश्वास नाही, सहकाऱ्यावर नाही, स्वतःच्या पहिल्या मापावर तर मुळीच नाही. फरक एवढाच की त्या कोणाला पकडायला निघाल्या नव्हत्या. मी तीन सेंटरं फिरलो आणि एकाही आकड्याचं काही केलं नाही. यांनी एक मिलिमीटर ऐकला आणि नळी बदलली.

नळी आत जाताना पाठीत एक खोल दाब जाणवला. नंतरचं आठवत नाही. गुंगी अखेर जिंकली असावी.

आली

जाग आली तेव्हा दोन्ही पाय सरळ ठेवायचा हुकूम होता. सुलभा पलंगाशी स्टुलावर. माझ्याकडे बघत नव्हती. पलंगाच्या कडेला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघत होती. नळीत पिवळं काही दिसत नव्हतं. किडन्यांनी तेवढा चमचाभर डाय सोसला का, हे आता त्या पिशवीत ठरणार होतं.

मी डोळे मिटले, उघडले. ती तशीच. नर्स येऊन सलाइन बघून गेली. ती तशीच.

मग ती म्हणाली, "आली."

इतक्या दिवसांत 'पाणी प्या' सोडून मला उद्देशून बोललेला तो पहिला शब्द. मी मान उचलून बघायचा प्रयत्न केला. "किती झाली?"

तिनं पिशवीवरच्या खुणा वाचून सांगितलं.

"त्या खुणा अंदाजे असतात," मी म्हणालो. "प्रमाणित नसतात."

"गप्प पडा," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. पुसून झाल्यावर पिशवीकडे परत बघायला लागली.

लक्ष ठेवायचं

ही कापडी नळी बसवली म्हणजे सुटलो असं नसतं, हे मला कोणी आधी नीट ठसवलं नव्हतं, किंवा ठसवलं असेल आणि मी तेव्हा शिक्का बघायला बाहेर गेलो असेन. फुगा जागेवरच असतो. नळीच्या बाहेरून त्यात रक्त झिरपतंय का, तो वाढतोय की आकसतोय, हे जन्मभर बघत राहावं लागतं. माझ्या किडन्यांमुळे तेही सोनोग्राफीनंच. शिरेतून बारीक बुडबुड्यांचं औषध देतात, ते रक्ताबरोबर फिरतं आणि पडद्यावर चमकतं. बुडबुडे नंतर श्वासातून निघून जातात, किडनीला त्यांचा पत्ता लागत नाही.

पहिल्या तपासणीला मी उपाशी गेलो. दार उघडताच घेत असलेल्या सगळ्या गोळ्या म्हणून दाखवल्या, सुलभा देते त्या मेथीच्या पाण्यासकट. बाई दांडा फिरवत होत्या. पडद्यावर नळी उजळली, तिच्या दोन शाखा उजळल्या. आणि मग फुग्याच्या मागच्या बाजूला, जिथं काळंच असायला हवं, तिथं एक बारीकसा ठिपका चमकला. बाईंनी दांडा तिथंच रोखला.

मला विचारायचं होतं की मशीन तेच आहे का, बुडबुड्यांच्या बाटलीची तारीख काय. तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर पडलं.

"मी मरणार आहे का यानं?"

एवढ्या सगळ्या काळात, एवढ्या डॉक्टरांना एवढे प्रश्न विचारून झाल्यावर, हा मी कोणालाच विचारला नव्हता.

बाईंनी दांडा बाजूला ठेवला. "मागच्या एका बारीक शाखेतून थोडं रक्त उलटं येतंय. बऱ्याच जणांना येतं, पुष्कळदा आपोआप बंद होतं. फुगा वाढलेला नाही, किंचित कमीच आहे. वाढायला लागला तर ती शाखा बंद करता येते. तुम्ही तपासणी चुकवलीत, लपवाछपवी केलीत, तर मला भीती वाटेल. आत्ता वाटत नाहीये."

"किंचित कमी म्हणजे किती? एक मिलिमीटर तर मापाचाच फरक असतो."

"असतो. म्हणूनच परत बोलावतेय."

त्या हात धुवायला गेल्या. मी शर्ट धरून तसाच पडून राहिलो. सुलभानं कागदी रुमाल घेतला आणि माझ्या पोटावरचं जेल पुसायला लागली, ओटा पुसते तसं, दाबून, कोपऱ्यांपर्यंत.

"हळू," मी म्हणालो.

"ऐकलंत ना त्या काय म्हणाल्या?"

"ऐकलं."

"मग पडून राहा," ती म्हणाली, आणि दुसरा रुमाल घेतला.